‘तंत्रिकावर्धक घटक’ आणि नराची जननेंद्रिये : एका नावाचे परीक्षण

पदार्थाचे नाव बहुधा त्याच्या पहिल्या ओळखीवरून पडते. पुढे तो पदार्थ अनपेक्षित ठिकाणी सापडू लागला, त्याची भलतीच कार्ये दिसू लागली, तरी नाव बदलत नाही. संशोधकाची दृष्टी मात्र नकळत त्या नावाच्या मागे जात राहते. ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ या प्रथिनाच्या बाबतीत नेमके असेच घडले, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. या प्रथिनाचे विपुल साठे सस्तन प्राण्यांच्या नरांच्या जननेंद्रियांत आहेत हे १९७९ ते १९८२ या काळात स्पष्ट झाले होते. ते तेथे कशासाठी आहेत या प्रश्नाचे पहिले समाधानकारक उत्तर मिळण्यास २०१२ साल उजाडावे लागले. मधल्या तीस वर्षांच्या मौनाचे कारण शोधणे उद्‍बोधक आहे. त्याबरोबरच उत्तर हाती आल्यावर त्याचा जो अतिविस्तार होऊ पाहतो, त्याचीही चिकित्सा आवश्यक आहे. विषय दूरदेशीचा वाटला तरी त्याचे एक टोक माढा तालुक्यातील मोडनिंबसारख्या गावाच्या गोठ्यात कसे येऊन पोचते, हे लेखाच्या उत्तरार्धात पाहावयाचे आहे.

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द. मराठीत ‘नर्व्ह’ या शब्दाला ‘मज्जातंतू’ हा शब्द रूढ आहे. कोशकार व पाठ्यपुस्तककार ‘तंत्रिका’ हा शब्द योजतात. ज्या अनुकंपी व सूक्ष्म संवेदी तंतूंवर या घटकाची क्रिया प्रामुख्याने होते त्यांतील पुष्कळशा तंतूंभोवती मायेलिनचे वेष्टन नसते. वाचकाने ‘मज्जा’ या शब्दावरून त्या वेष्टनाची कल्पना करून घेऊ नये, यास्तव येथे ‘तंत्रिकावर्धक घटक’ असा शब्द वापरला आहे. तोही निर्दोष नाही, हे पुढे दिसेलच.

१

इतिहास थोडक्यात असा. १९४८ साली ब्यूकर याने उंदरातील एका मांसार्बुदाचे तुकडे कोंबडीच्या भ्रूणावर रोपले, तेव्हा भ्रूणाचे संवेदी तंतू त्या अर्बुदात शिरल्याचे त्यास आढळले. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात व्हिक्टर हॅम्बर्गर व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांनी हा प्रयोग पुन्हा केला. अर्बुदाशी प्रत्यक्ष संबंध नसलेल्या गुच्छिकाही वाढतात, म्हणजे अर्बुदातून काही विद्राव्य पदार्थ बाहेर पडत असला पाहिजे, असे लेव्ही-मोंताल्चिनी यांनी अनुमान काढले. १९५२ मध्ये रिओ दी जानेरो येथे ऊतिसंवर्धनाच्या पद्धतीने त्यांनी हे अनुमान पडताळून पाहिले. गुच्छिकेभोवती तंतूंचे प्रभामंडल उमटले. पुढे कित्येक वर्षे हे प्रभामंडल हीच या घटकाची मोजपट्टी होती.

त्यानंतर स्टॅन्ली कोहेन या कामात आले. घटक न्यूक्लीइक अम्लाचा आहे की प्रथिनाचा, हे ठरविण्यासाठी न्यूक्लीइक अम्ल नष्ट करणारे एन्झाइम म्हणून सर्पविष वापरले गेले, आणि घटक नाहीसा होण्याऐवजी परिणाम कितीतरी वाढला. विषातच हा घटक होता. विषग्रंथी ही एका परीने लालाग्रंथीच. म्हणून उंदराच्या अधोहनु लालाग्रंथीकडे दृष्टी वळली, आणि १९६० साली प्रौढ नर उंदराची ती ग्रंथी या घटकाचे भांडार असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास या घटकाविरुद्ध तयार केलेला प्रतिरस नवजात उंदरांना टोचल्यास त्यांच्या अनुकंपी गुच्छिका जवळजवळ नष्ट होतात, असेही सिद्ध झाले. १९७१ मध्ये प्रथिनाच्या शृंखलेतील ११८ अ‍ॅमिनो अम्लांचा क्रम निश्चित झाला. १९८६ चे नोबेल पारितोषिक लेव्ही-मोंताल्चिनी व कोहेन यांना विभागून मिळाले.

या इतिहासातील एक गोष्ट पाठ्यपुस्तके ओझरती सांगून पुढे जातात. अर्बुद, सर्पविष, नर उंदराची लालाग्रंथी : जेथे जेथे हा घटक विपुल सापडला, ती स्थाने तंत्रिकांच्या वाढीशी काही संबंध नसलेली होती. शिवाय लालाग्रंथीतील साठा नरात विपुल, मादीत अल्प. नराचे खच्चीकरण केल्यास तो घटतो आणि पुं-हॉर्मोन दिल्यास पुन्हा वाढतो. आता मादी उंदराचे अनुकंपी तंत्रिकातंत्र नराहून दुबळे नसते. मग नराच्या ग्रंथीतील या प्रचंड साठ्याचे प्रयोजन तंत्रिकांचे पोषण हे असणे कसे शक्य आहे? प्रश्न सरळ होता. परंतु घटकाचे नामकरण होऊन चुकले होते. आणि ज्याचे नाव ‘तंत्रिकावर्धक’, त्याचे स्थान चमत्कारिक असेल तर ते ‘सोईचे उगमस्थान’ समजावयाचे, प्रश्न म्हणून त्याकडे पाहावयाचे नाही, अशी वृत्ती रूढ झाली.

२

१९७९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्पर व त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. गिनीपिगची पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, हे या घटकाचे समृद्ध स्थान असल्याचे त्यात दाखविले होते. १९८० मध्ये हार्पर व हान्स थोनेन यांनी सस्तन प्राण्यांच्या नर-जननेंद्रियांतील या घटकाच्या वाटणीचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. गिनीपिगखेरीज ससा व बैल यांच्या इंद्रियांतही घटक विपुल असल्याचे त्यातून दिसले. १९८२ मध्ये वळूचे शुक्राशय व वीर्यरस यांतील साठ्यांविषयी आणखी निबंध आले. उंदराच्या लालाग्रंथीनंतर घटक मोठ्या प्रमाणावर मिळविण्याचा नवा मार्ग खुला झाला.

या निबंधांचे मोल कमी लेखता येत नाही. त्यापूर्वी या क्षेत्रात मोजमापाचा मोठा गोंधळ होता. रक्तरसातील काही प्रथिने या घटकाशी बद्ध होतात. त्यामुळे किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-मापनाने रक्तात तो वाजवीपेक्षा फार जास्त असल्याचे भासत असे. सूडा, बार्ड व थोनेन यांनी १९७८ मध्ये जैव-परीक्षेशी ताळा घालून हा दोष उघड केला. ज्या मंडळींनी स्वतःच्या शास्त्राच्या मापातील चूक अशी निर्भीडपणे दाखविली, त्यांच्याच वर्तुळातून जननेंद्रियांविषयीचे काम पुढे आले. म्हणून त्यातील आकडे विश्वासार्ह आहेत. भिन्न जातींच्या प्राण्यांची तुलना करण्याचा त्यांचा दृष्टिकोणही स्तुत्य होता. एका प्राण्यात दिसले ते सर्वांत असेल, असे त्यांनी गृहीत धरले नाही.

तरीही या निबंधांत एक उणीव राहिली, आणि ती पुढील संशोधनास भोवली. त्यांची भाषा प्रामुख्याने ‘उगमस्थाना’ची आहे, ‘कार्या’ची नाही. ग्रंथी म्हणजे घटक काढून घेण्याची खाण. खाणीत सोने कसे आले हा प्रश्न खाणकामगारास पडत नाही. घटक ग्रंथीच्या स्रावात आहे, स्राव वीर्यात जातो, वीर्य मादीच्या शरीरात जाते. या साखळीचे अखेरचे टोक मादी आहे. परंतु तंत्रिकाशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत मादीचा प्रश्न उद्‍भवलाच नाही. जे काही कार्य असेल ते नराच्या ग्रंथीतील तंत्रिकांशी निगडित असेल, असे मानण्याकडे कल राहिला.

हे मानणेही फार काळ टिकण्यासारखे नव्हते. १९८३ मध्ये कोर्शिंग व थोनेन यांनी अनुकंपी तंतू ज्या इंद्रियांत पोचतात त्या इंद्रियांतील घटकाचे सूक्ष्म मापन केले. तंतूंची दाटी जितकी अधिक तितका घटक अधिक, असे प्रमाण त्यांना आढळले. आणि ते प्रमाण अत्यल्प मात्रेतील होते. याचा अर्थ असा की, तंत्रिकांच्या पोषणास कणभर घटक पुरतो. मग वळूच्या शुक्राशयातील भांडार त्या कामासाठी नाही, हे त्याच शास्त्रज्ञाच्या दोन निबंधांची सांगड घातली असता दिसते. ती सांगड त्या काळी ठळकपणे घातली गेली नाही. पुढची दोन दशके तंत्रिकाशास्त्राने या कुलातील इतर प्रथिने, त्यांचे ग्राही आणि मेंदूतील त्यांची क्रिया यांकडे लक्ष दिले; वीर्यातील साठा एक कुतूहल म्हणून बाजूस पडून राहिला.

३

उत्तर आले ते अगदी वेगळ्या वाटेने. मांजर, ससा, उंट, लामा यांसारख्या प्राण्यांत अंडमोचन आपोआप होत नाही. ते समागमानंतर होते. सशाविषयी हीप याने १९०५ मध्येच हे लिहून ठेवले आहे. समागमातील शारीरिक उत्तेजनामुळे मेंदूस संदेश जातो व पोष ग्रंथीतून संप्रेरक सुटते, असे सर्वमान्य स्पष्टीकरण होते. १९८५ मध्ये चीनमधील संशोधकांनी दोन मदारींच्या उंटिणीच्या योनिमार्गात केवळ वीर्य ठेवून अंडमोचन घडविले. समागमाची क्रिया झालीच नव्हती. म्हणजे वीर्यातच काही द्रव्य असले पाहिजे. २००५ मध्ये अ‍ॅडम्स, रात्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी लामा व अल्पाका या दक्षिण अमेरिकेतील प्राण्यांत वीर्यरस स्नायूत टोचूनही अंडमोचन होते असे दाखविले. त्या अनामिक द्रव्याला त्यांनी ‘अंडमोचन-प्रेरक घटक’ असे कामचलाऊ नाव दिले.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या कार्यवृत्तात याच गटाचा निबंध आला. लामाच्या वीर्यरसातून शुद्ध केलेले ते द्रव्य दुसरे तिसरे काही नसून तंत्रिकावर्धक घटकच होता. त्याच्या योगाने प्रयोगशाळेतील पेशींना तंतू फुटले. आणि उलट, उंदराच्या लालाग्रंथीतून मिळविलेला घटक टोचला असता लामाच्या मादीत अंडमोचन झाले. दोन नावांखाली वावरणारी वस्तू एकच निघाली. शास्त्राच्या इतिहासात असे प्रसंग विरळा येतात, आणि त्या निबंधाच्या वाचनात जो आनंद आहे तो या अनपेक्षित भेटीचा आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट प्राण्याच्या निवडीची आहे. लंडन, म्यूनिक व सेंट लुईस येथील प्रयोगशाळांत उंदीर, गिनीपिग व कोंबडीचे भ्रूण होते. उंदीर व गिनीपिग यांत अंडमोचन आपोआप होते. त्यांना नराच्या वीर्यातील प्रेरणेची वाट पाहावी लागत नाही. म्हणून तेथे हा प्रश्न सुचणे कठीण होते. तो सुचला तो अँडीज पर्वतातील पशुपालनाशी संबंध असलेल्या पशुवैद्यांना. ज्ञान पुढे नेण्याचे काम उपकरण जितके करते तितकेच, क्वचित त्याहून अधिक, योग्य प्राणी करतो. आपल्या विद्यापीठांतून पांढऱ्या उंदरावरच सारे प्रबंध लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, तिचा या संदर्भात पुनर्विचार व्हावा.

४

मात्र २०१२ च्या शोधानंतर उलट दिशेचा दोष दिसू लागला. ज्या वीर्यात हा घटक, त्या वीर्याचे काम अंडमोचन घडविणे, असे सरसकट विधान व्याख्यानांतून व लोकप्रिय लेखांतून ऐकू येते. ते तपासून पाहिले पाहिजे.

कोणत्याही द्रव्याला एखादे शारीरिक कार्य बहाल करण्यापूर्वी तीन कसोट्या लावाव्या लागतात. द्रव्य योग्य स्थळी योग्य वेळी असते काय, ही पहिली. ते बाहेरून दिल्यास अपेक्षित परिणाम घडतो काय, ही दुसरी. ते काढून घेतल्यास तो परिणाम थांबतो काय, ही तिसरी. १९६० मधील प्रतिरसाच्या प्रयोगाने अनुकंपी तंत्रिकांपुरती तिसरी कसोटी निर्विवाद उतरली; म्हणूनच ‘तंत्रिकावर्धक’ हे नाव अपुरे असले तरी खोटे नाही. जननेंद्रियांच्या बाबतीत काय दिसते?

लामात पहिली व दुसरी कसोटी चांगली उतरते. स्नायूत टोचणे हा नैसर्गिक मार्ग नव्हे, हा आक्षेप रास्त होता. परंतु २०१६ मध्ये समागमाच्या उत्तेजनाशिवाय लामाच्या मादीस वीर्यरस देऊन अंडमोचन घडल्याचे प्रसिद्ध झाले, त्यामुळे आक्षेपाची धार कमी झाली. क्रिया कोठे होते याविषयी मात्र पुरावा एकमुखी नाही. पोष ग्रंथीला चेतविणाऱ्या मेंदूतील संप्रेरकाचा अवरोध केल्यास वीर्यरसाने होणारे अंडमोचन थांबते, असे २०११ मध्ये आढळले. यावरून क्रिया मेंदूच्या पातळीवर होते असे दिसते. दुसरीकडे पोष ग्रंथीच्या सुट्या पेशींवर हे द्रव्य टाकले असता त्या पेशीही संप्रेरक सोडतात, असेही निष्कर्ष आहेत. दोन्ही खरे असू शकतील. पण ‘यंत्रणा समजली’ असे म्हणण्याची वेळ आलेली नाही.

सशाची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. सशात अंडमोचन समागमाने होते, आणि सशाच्या वीर्यात हा घटक विपुल आहे. तेव्हा येथे सिद्धांत हमखास लागू पडावा. परंतु २०११ मधील प्रयोगात सशाचा वीर्यरस टोचल्याने लामाच्या मादीत अंडमोचन झाले, खुद्द सशाच्या मादीत झाले नाही. नराकडे किल्ली आहे, ती शेजाऱ्याच्या कुलपाला लागते, स्वतःच्या घराच्या कुलपाला लागत नाही! अर्थात सशाच्या मादीत या घटकाचे काम अंडमोचनाखेरीज काही वेगळे असू शकेल. पण ‘उपस्थिती म्हणजे कार्य’ या समीकरणास हा एकच प्रयोग पुरेसा छेद देतो.

शरीररचनेची तुलनाही सावधगिरी शिकविते. वळूत घटकाचे मुख्य भांडार शुक्राशय. लामा व उंट यांना शुक्राशयच नसते. त्यांच्यात हे काम पुरःस्थ ग्रंथीकडे आहे. गिनीपिगमध्येही पुरःस्थ ग्रंथी. उंदरात लालाग्रंथी. एकच प्रथिन निरनिराळ्या वंशांत निरनिराळ्या ग्रंथींनी साठविले आहे. यावरून दोन अनुमाने संभवतात. वीर्यातील या घटकाची गरज इतकी जुनी व महत्त्वाची असेल की मिळेल त्या ग्रंथीने ती भागविली. अथवा पुं-हॉर्मोनच्या अधीन असलेल्या ग्रंथींत हे जनुक सहज जागृत होते, आणि प्रत्येक वंशात त्याचा उपयोग वेगळा, क्वचित नाहीच. आज दुसरे अनुमान सोडून देण्यास पुरेसे कारण नाही. उंदराच्या त्याच लालाग्रंथीतील ‘त्वचावर्धक घटक’ या दुसऱ्या प्रथिनाचे उदाहरण या ठिकाणी आठवावे. ग्रंथी काढून टाकल्यास नर उंदरातील शुक्रजंतूंची संख्या घटते व ते प्रथिन दिल्यास ती भरून येते, असे १९८६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. ज्याचे नाव त्वचेवरून पडले त्याचे काम शुक्रोत्पत्तीत निघाले. पण ते सिद्ध झाले ते काढून घेण्याच्या आणि परत देण्याच्या कसोटीने, केवळ साठ्याच्या गणतीने नव्हे.

५

आता आपल्या घराकडे वळू. मोडनिंब हे कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावरील गाव. हा सारा टापू अवर्षणाचा, ज्वारीच्या कडब्याचा आणि जनावरांचा. खिलार बैल, खांद्याच्याही मागे जाणाऱ्या लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस, उस्मानाबादी शेळी ही या परिसराची संपत्ती होय; पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेतील जनावरांचा बाजार त्याची साक्ष देतो. येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने गाय वा म्हैस गाभण राहणे ही शास्त्रीय कुतूहलाची बाब नव्हे. जनावर उलटले, म्हणजे पुन्हा माजावर आले, की सुमारे एकवीस दिवस वाया गेले. तितक्या दिवसांची वैरण अंगावर पडली आणि पुढचे वेत तितके लांबले. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो. तो हुकला तर नुकसान दुप्पट. म्हणूनच ‘वीर्यातील अमुक घटकाने जनावर हमखास गाभण राहते’ असे कोणी सांगू लागला तर त्याला गिऱ्हाईक मिळण्यास वेळ लागणार नाही. विद्यापीठीय चिकित्सेची खरी गरज येथे आहे.

लामा व गाय यांतील मूलभूत भेद प्रथम ध्यानात घ्यावा. गाय, म्हैस व शेळी यांत अंडमोचन आपोआप होते. त्यासाठी वळूच्या वीर्यातील प्रेरणेची आवश्यकता नाही. गायींवरील काही अभ्यासांत या घटकामुळे अंडमोचनानंतर तयार होणाऱ्या पीतपिंडाचे कार्य वाढल्याचे, म्हणजे गर्भधारणेस पोषक असलेले प्रोजेस्टेरॉन संप्रेरक अधिक स्रवल्याचे, नमूद आहे. हे महत्त्वाचे आहे. पण पीतपिंड बळकट होणे आणि जनावर अधिक संख्येने गाभण राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही.

आणि येथेच तिसऱ्या कसोटीचा विचार करावा. काढून घेण्याचा हा प्रयोग प्रयोगशाळेत नव्हे, तर आपल्या गोठ्यांतून रोज चालला आहे. त्याचे नाव कृत्रिम रेतन. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे बायफ संस्थेची स्थापना केली. पुढे गोठविलेल्या रेताच्या कांड्या शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोचल्या. या कांडीत किती वीर्यरस असतो? समजा, वळूच्या एका स्खलनात ६ मिलिलिटर वीर्य मिळाले व प्रत्येक मिलिलिटरमध्ये १२० कोटी शुक्रजंतू आहेत. एकूण ७२० कोटी झाले. एका मात्रेस २ कोटी शुक्रजंतू धरल्यास ३६० मात्रा होतात. पाव मिलिलिटरच्या कांडीत उरलेले सारे विरलक द्रव्य असते. मूळ वीर्यरस जेमतेम ०.०१७ मिलिलिटर. नैसर्गिक संयोगात गायीस जितका वीर्यरस मिळतो त्याच्या ३६० वा हिस्सा! तरीही गायी गाभण राहतात, वासरे होतात. गावोगावच्या संकरित गायी याचा पुरावा आहेत. यावरून गायीच्या गर्भधारणेस वीर्यरसातील हा घटक त्याच्या नैसर्गिक मात्रेत अनिवार्य नाही, इतके निश्चित होते.

परंतु एवढ्यावरून तो निरुपयोगी आहे असे म्हणणे हीही घाई होईल. ‘अनिवार्य नाही’ आणि ‘उपकारक नाही’ यांत अंतर आहे. वळूकडे नेलेली म्हैस अधिक वेळा गाभण राहते असा अनुभव शेतकरी सांगतात, आणि त्याचे श्रेय लगेच वीर्यरसास देण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. रेड्यास म्हशीचा माज माणसापेक्षा अचूक कळतो. तो योग्य वेळी संयोग करतो. त्याचे रेत ताजे असते, गोठणे व वितळणे यांतून गेलेले नसते. शुक्रजंतूंची संख्या शेकडो पट अधिक असते. उलट कृत्रिम रेतनात माज ओळखण्यात, रेतकास बोलाविण्यात, कांडी वितळविण्यात चुका संभवतात. इतकी कारणे एकत्र नांदत असता त्यांतून एका प्रथिनाचा वाटा केवळ निरीक्षणाने वेगळा काढणे अशक्य आहे.

तो वेगळा काढावयाचा तर प्रयोग असा हवा : एकाच वळूचे रेत, एकाच पद्धतीने गोठविलेले, मादींचे दोन समान गट, माजाची वेळ दोहोंत एकाच रीतीने ठरविलेली. एका गटास रेतनाच्या वेळी शुद्ध घटक द्यावा, दुसऱ्यास त्याच आकारमानाचे निष्क्रिय द्रव्य. कोणत्या मादीस काय दिले हे रेतकास अथवा तपासनीसास ठाऊक नसावे. रक्तातील प्रोजेस्टेरॉन मोजावे, पण निर्णय त्यावर न सोडता गर्भतपासणी व प्रत्यक्ष प्रसूती यांवर सोडावा. तिसरा गट असा घेता येईल की ज्यास संपूर्ण वीर्यरस दिला जाईल. म्हणजे परिणाम या घटकाचा की वीर्यरसातील अन्य प्रथिनांचा, हे कळेल. गटांची संख्या लहान असू नये. दहा-वीस जनावरांवरून काढलेला गर्भधारणेचा टक्का हा योगायोगाचा टक्का असतो. पंढरपुरी म्हशीवर असा प्रयोग नीटपणे झाला तर त्याचे उत्तर होकारार्थी येवो वा नकारार्थी, ते मोलाचे ठरेल. नकारार्थी उत्तर आले तर शेतकऱ्याचा पैसा वाचेल. हेही काही लहान फळ नव्हे.

६

नावाचा प्रश्न पुन्हा उपस्थित करून लेख आटोपता घेऊ. या घटकाविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये वेदनाशामक म्हणून वापरात येत आहेत. संधिवाताने पीडित कुत्र्यांसाठी युरोपात २०२० मध्ये आणि मांजरांसाठी अमेरिकेत २०२२ मध्ये अशी औषधे संमत झाली. माणसांसाठीचे अशाच प्रकारचे एक औषध मात्र सांध्यांवरील दुष्परिणामांच्या शंकेमुळे २०२१ मध्ये मागे पडले. प्राण्यांच्या या औषधांच्या सूचनापत्रात ती प्रजननासाठी ठेवलेल्या, गाभण वा दूध पाजणाऱ्या जनावरांना देऊ नयेत असे लिहिलेले असते. वेदनेच्या औषधाचा प्रजननाशी काय संबंध, असे ज्यास वाटेल त्याला नावाने फसविले आहे असे समजावे. जे प्रथिन वेदना वाहणाऱ्या तंतूंना पोसते तेच वळूच्या शुक्राशयात साठते आणि लामाच्या मादीत अंडमोचन घडविते. ‘तंत्रिकावर्धक’ या विशेषणात त्याच्या आयुष्याचा एक अध्याय सामावतो, संपूर्ण चरित्र नव्हे.

यावर नाव बदलणे हा उपाय नाही. रूढ नावे बदलल्याने नवा गोंधळ मात्र होतो. उपाय वाचकाच्या हाती आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने या विषयावरील कोणताही निबंध वाचताना प्रथम प्राणी कोणता हे पाहावे. मग मोजणी कोणत्या पद्धतीने केली हे. मग द्रव्य कोणत्या मार्गाने दिले हे. आणि अखेरीस ते काढून घेतल्याने काय झाले हे शोधावे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर निबंधात नसेल तर निष्कर्षातील ‘सिद्ध झाले’ या शब्दांच्या जागी ‘संभवते’ हा शब्द मनाशी घालून पुढे वाचावे. १९७९ च्या संशोधकांनी साठा पाहिला व कार्य विचारले नाही. २०१२ नंतरचे काही उत्साही लेखक एका प्राण्यातील कार्य पाहून सर्वांतील साठ्यांवर ते लादतात. दोहोंचा दोष एकाच जातीचा आहे. आणि तो दुरुस्त करण्यास लागणारी सामग्री, म्हणजे म्हैस, रेडा, रेताची कांडी व माजाची नोंदवही, मोडनिंबच्या परिसरात आपल्या दाराशीच आहे.